सासूचं नाक

हॉस्कीने तिसऱ्यांदा नाक तासलं, तेव्हा कॉटनवूडच्या लाकडात कोरलेल्या त्या बाईला नाक असं उरलंच नाही.

"दाजी, आता हिने श्वास कुठून घ्यायचा?" पिकअपच्या बोनेटवर बसलेला मेहुणा, डेलबर्ट, म्हणाला.

"तुझ्या आईचं नाक कसंय, ते नीट सांग."

"नाकासारखं."

बाकी सगळं जमलं होतं. माग, मागावर खऱ्या लोकरीचा वीतभर गालिचा, हातात विणकामाचा पंजा, निळं मखमली पोलकं. पाठ तर हुबेहूब. सासूची पाठ तो अठरा वर्षं बघत होता, लांबून, जाताना. त्यांच्या जमातीत जावई आहे तोवर सासूला पाहायचं नाही आणि तिनेही त्याला. पाहिलं तर डोळे जातात. त्यामुळे ती आली की हॉस्की असेल तिथून मेंढ्यांच्या वाड्यात उडी घेई. एकदा अर्धी दाढी करून तो तिथे दीड तास बसला होता. मेंढ्यांनीही काही विचारलं नाही.

चांदी घडवणारे, टोपल्या विणणाऱ्या, सगळ्यांना त्याने लाकडात बसवलं होतं. "जगाच्या आया कोरल्यास," त्याची बायको लुएला म्हणाली होती, "माझीच तेवढी जड झाली." चार दिवसांपूर्वी तिने त्याचं खोगीर हॉगनच्या, त्यांच्या लाकूडमातीच्या घराच्या, दाराबाहेर ठेवलं. खोगीर बाहेर म्हणजे नवरा बाहेर, लग्न संपलं. तक्रारी इतरही होत्या, पण दुरुस्त करता येईल अशी ही एकच.

"दाजी, खोगीर उचला. तायडी ऐकायची नाही."

"हे बघितलं की ऐकेल."

"अंगठा कापलाय तुमचा."

हॉस्कीने रक्त पँटला पुसलं. मग एक ढलपी चिकटवून त्याने लुएलाचं नाक कोरलं. ते त्याला पाठ होतं.

दुपारी त्याने बाहुली उंबऱ्यावर ठेवली आणि हाक मारली, "लुएला!"

दारातून एक ठेंगणी म्हातारी बाहेर आली. हॉस्कीने टोपी तोंडावर दाबली आणि वाड्याकडे धूम ठोकली.

"अरे, पळतोस कशाला?"

तो थांबला. टोपीच्या कडेखालून पाहिलं. म्हातारीने बाहुली उचलून घेतली होती, पण बघत होती त्याच्याकडे. सरळ, सावकाश, पंप दुरुस्तीला आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी.

"पोरीचं नाक लावलंस मला," ती म्हणाली. "ऊन फार आहे. पाणी पिऊन जा."

हॉस्कीने डोळे मिटले. पुन्हा उघडले.

दोन्ही शाबूत होते.