ठोक कंत्राटातला कान

लोखंडी दांडीच्या टोकाची पितळी वाटी गार लागली कानाला, आणि रस्त्याखालचं सगळं दांडीतून वर चढू लागलं — आधी दूरच्या वाहनांची घरघर, मग मोठ्या नळातलं पाण्याचं सरळ वाहणं, आणि त्याच्याही खाली तो बारीक, चिवट फुसकारा... गळती. बहिणीच्या घराच्या पायाशीच.

"काय रे?" मुकादमानं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. कान अजून ऐकतच होता आणि तोंड बोलून मोकळं झालं होतं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी नळदुरुस्तीच्या कंत्राटदाराला महापालिकेकडून दर खड्ड्यामागे पैसे मिळत, तेव्हा हाच मुकादम त्याच्या कानाचे लाड करी — तुझा कान म्हणजे आपली दुभती गाय, म्हणे — आणि नुसत्या संशयावर रस्ता उकरला जाई, कोरडी माती निघाली तरी बिल निघेच. मग महापालिकेला तो खर्च डोईजड झाला, वर्षाला एकच ठरलेली रक्कम देणारं ठोक कंत्राट आलं, आणि प्रत्येक खड्डा कंत्राटदाराच्याच खिशाला पडू लागला. "आता जरा कमी ऐकत जा," मुकादम हसत म्हणाला होता. हसतच... पण जास्त ऐकणाऱ्या जोडीदाराला घरी बसवलं, आणि तेव्हापासून 'काही नाही' याच्या जिभेत मुरत गेलं. कान तोच, कंत्राटं दोन. त्या बिचाऱ्या कानानं करायचं तरी काय?

हात पुसत बहीण दारात आली. "दादा, बरं झालं आलास. भिंत खालून फुगलीय रे, पोरांच्या अंथरुणापर्यंत ओल आलीय. खाली पाणी आहे का बघ ना. तू नाही म्हणालास की मी निवांत."

लहानपणी ही तापानं फणफणली की आई त्यालाच हिच्या छातीला कान लावायला सांगे, आणि तो "घरघरतंय" म्हणाला की तशीच उचलून दवाखाना गाठे. तेव्हापासूनचा हिचा हा भरवसा.

मुकादम घड्याळाकडे बघत होता. सांगायचं... आता सांगायचंच, काय व्हायचं ते होवो — त्यानं दांडी पुन्हा त्याच जागी टेकवली, डोळे मिटले, श्वास रोखला. वाहनं होती. नळाचं वाहणं होतं. त्याच्या खाली काहीच नव्हतं. कानाची पाळी दुखेपर्यंत त्यानं वाटी दाबली. शेजारी उभ्या बहिणीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, फुसकारा तेवढा नव्हता.

"काही नाही ना रे?" तिनं विचारलं.

या खेपेला खोटं बोलावं लागणार नव्हतं. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणूनच तो घाबरला: 'काही नाही' आता जिभेतून कानात उतरलं होतं.