मिंगो मुकादमाचं स्वप्न

पांढऱ्या पट्टीची गाठ कपाळावर नव्हती, डाव्या कानाकडे सरकली होती... बायनाला आधी ती गाठच दिसली. पिठाच्या पोत्यातून फाडलेली दोन बोटं रुंदीची पट्टी, कडेने सुटलेले धागे, आणि धाग्यांत अडकलेली पाइनची एक वाळकी काडी—म्हणजे माणूस रात्र रानात काढून सरळ इकडेच आलेला, तोंडसुद्धा न धुता. देवाच्या शोधाला निघालेल्यांच्या डोक्याला अशी पट्टी असतेच, त्यात नवल नाही. गेल्या महिन्याभरात तिने अशा सात पट्ट्या पाहिल्या होत्या, सगळ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींच्या. म्हणून तिची नजर गाठीवरून खाली उतरली ती सवयीने, कुणाचं पोर आहे ते बघायला—आणि पट्टीखाली मिंगो निघाला.

मिंगो मुकादम. सत्तरी उलटलेला, खांदे पडलेले, गळ्याची कातडी लोंबणारी, पण मिंगोच. अंगणात कोंबड्यांच्या मधोमध उभा.

"आई," तो म्हणाला.

बायनाने मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. म्हणजे हे 'आई' तिलाच होतं, जिला हा माणूस जन्मभर 'ए पोरी' म्हणत आला होता, तेही त्याचं डोकं ठिकाणावर असेल तर.

"स्वप्न पडलं," तो म्हणाला. "नदी होती. पलीकडे तू उभी होतीस, पांढरं घालून. म्हणालीस, ये इकडे. तीन रात्री सारखं तेच. म्हणून आलो बघ."

तिने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवेना. 'संध्याकाळी ये' असं काहीतरी... मिंगो मान हलवून गेला, आणि ती दाण्यांचा वाडगा धरून तशीच उभी राहिली—रिकामा वाडगा; दाणे कधी सांडले ते तिला कळलं नव्हतं, कोंबड्यांना मात्र कळलं होतं.

बेटावरची रीत अशी, की ज्याला प्रार्थनाघराच्या मंडळीत यायचं त्याने एकट्याने रानात जायचं, प्रार्थना करायची, आणि स्वप्नात जो दिसेल तो त्याचा धर्माचा बाप, जी दिसेल ती धर्माची आई. मग तिच्याकडे येऊन स्वप्नं सांगायची, पोटातलं सगळं ओठावर आणायचं, आणि ती 'झालं' म्हणेल तेव्हाच तिने हात धरून त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यात न्यायचं. तेही ओहोटीच्या पाण्यात, म्हणजे पापं समुद्राकडे जातात, परत काठाला लागत नाहीत. या कामात बायनाचा लौकिक मोठा होता आणि थोडा वाईटही. एकेकाला तिने चार-चार वेळा रानात परत पाठवलं होतं. बायनाआईने 'झालं' म्हणून सोडलेल्या माणसाला स्वर्गाच्या दारावर कुणी अडवत नाही, उलट सलाम ठोकतात, असं पोरं म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, खोटं कशाला बोला.

पण मिंगो? देवाला सबंध बेटावर दुसरं कुणी सापडलं नाही?

ती तडक प्रायमसकडे गेली. प्रार्थनाघराचा म्होरक्या प्रायमस आपल्या उलथ्या होडीच्या फटींत डांबर भरत बसला होता, आणि तिचं सगळं ऐकून होईपर्यंत त्याने डोकं वर केलं नाही.

"मला नाही जमायचं," बायना म्हणाली. "त्याला दुसरं कुणी दे. तू घे."

"माझ्या स्वप्नात आला असता तर घेतला असता."

"त्याचं स्वप्न खोटं असेल."

"असेलही," प्रायमस म्हणाला. "ते ऐकून ठरवायचं काम तुझंच. पण ऐकायचंच नाही, असं नाही चालत, बहिणी. तू नाही म्हणालीस तर ते मिंगोला म्हटल्यासारखं होत नाही. कुणाला म्हटल्यासारखं होतं ते मी तुला काय सांगू?" मग डांबराचा हात पुसत तो हळूच म्हणाला, "त्याच्या खोकल्यातून रक्त पडतंय. पुढच्या वेळच्या बाप्तिस्म्यापर्यंत तो काही टिकत नाही. रविवारी सकाळी ओहोटी आहे."

रविवार चार दिवसांवर होता.

त्यानंतर ती खाडीत कालवं काढायला गेली, कारण पाणी उतरलं होतं आणि पाणी कुणाला धक्का बसला म्हणून थांबत नाही. चिखलात गुडघाभर उभं राहून हात आपोआप चालत होते, शिंपला पकड, खडकावरून उखड, टोपलीत टाक... शेजारची डॉर्कस बोलत होती, बोलणं हाच तिचा श्वास, आणि बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, अर्थातच. या बेटावर माणसाला शिंक आली तर पलीकडच्या टोकाला लोक 'देव भलं करो' म्हणतात.

"आता तुझा खोकला बरा व्हायचा," डॉर्कस म्हणाली.

"कसला खोकला?"

"तोच गं. आपला प्रार्थनेतला. 'ज्यांनी आमचं वाईट केलं त्यांना आम्ही जशी क्षमा करतो'—इथं आलं की तुला ढास लागते. इतकी वर्षं मागच्या बाकावर बसते मी तुझ्या. मला काय दिसत नाही?"

बायनाला वाटलं होतं हे फक्त देवाला ठाऊक आहे, आणि देव चुगली करत नाही. आता कळलं की सगळं प्रार्थनाघर ऐकत होतं, आणि मनातल्या मनात हसतही असेल... पण लाज वाटायला सुद्धा तिच्यात जागा नव्हती. सकाळपासून आत नुसता एक सुन्नपणा बसला होता, आणि शिंपल्याच्या कडेने बोट चिरलं तेही तिला पाणी लाल झाल्यावर कळलं.

क्षमा! मालकांना तिने क्षमा केली होती, खरंच केली होती. मालकांशी लढणाऱ्या उत्तरेच्या फौजेची जहाजं खाडीत शिरली, तोफा सुरू झाल्या आणि मालक मंडळी टेबलावरची गरम सूपं तशीच टाकून पळाली, त्या दिवशी तिला त्यांची कीवच आली होती. गोरा माणूस काय, तो दुसऱ्या मातीचा. पण मिंगो त्यांच्यातलाच एक होता, त्याच झोपड्यांच्या ओळीत राहणारा, त्याच मक्याच्या कण्या खाणारा, तोही गुलामच. फक्त मालकाने त्याला मुकादम केलं आणि चाबूक त्याच्या हातात दिला. आणि त्या चाबकाने टेना...

टेना तिची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. ही गोष्ट बायनाने बेटावर सगळ्यांना सांगितली होती, एकवीस वर्षं सांगत आली होती. टेनाच्या अंगात ताप होता. नेमून दिलेला कापसाच्या शेताचा तुकडा तिच्याने खुरपून होईना, म्हणून ती कोठारात जाऊन आडवी झाली. मिंगोने तिला बाहेर ओढलं, ओकच्या झाडाला मिठी मारायला लावली, मनगटं दोराने बांधली आणि पाठ सोलून काढली. तिसऱ्या दिवशी आजारघरात टेना गेली. सांगून सांगून ही गोष्ट कुदळीच्या दांड्यासारखी गुळगुळीत झाली होती. हातात धरताना कुठे म्हणून टोचत नव्हती.

दुपार कलता कलता तिचं ठरलं. प्रायमस म्हणतो तसं—ऐकायचं. पण ऐकायचं म्हणजे हे नदीबिदीचं स्वप्न नव्हे. टेनाचं नाव त्याच्या तोंडून वदवायचं. सगळं सांगायला लावायचं, ताप, कोठार, झाड, चाबूक, एकही गोष्ट न गाळता. आणि सांगून झालं की म्हणायचं, 'पुरतं नाही, जा परत रानात.' उद्या पुन्हा, परवा पुन्हा. रविवार येईल आणि जाईल. यात अधर्म कुठे होता? तिने नाही म्हटलं नव्हतं, ती आपलं काम चोख करत होती. या विचाराने तिला सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली, आणि तिने उभ्याउभ्या थंड रताळं खाल्लं.

ऊन खाडीवर तिरपं झालं तेव्हा मिंगो आला. पायरीवर बसताना त्याला दोनदा थांबावं लागलं. खोकून झाल्यावर त्याने तोंडावरचा फडका घडी करून मुठीत लपवला.

बायना दारातल्या स्टुलावर बसली. बाकीच्यांना ती आधी पाणी देत असे.

"स्वप्न राहू दे," ती म्हणाली. "टेनाचं सांग."

मिंगोने वर पाहिलं.

"कोण टेना?"

तो थट्टा करत नव्हता. कावा तर त्याहून नाही—कावेबाज माणसाचे डोळे तिला ओळखता येत होते, जन्म त्यातच गेला होता. हे डोळे स्वच्छ होते, म्हाताऱ्या जनावराचे असतात तसे, आणि त्यांच्यात टेना नव्हती. कुठेच नव्हती. एकवीस वर्षं बायनाने मनात धरलं होतं की हा माणूससुद्धा रात्री तळमळत असेल, त्यालाही ते झाड दिसत असेल, म्हणून तर हा प्रार्थनाघराबाहेर उभा राहतो, आत येत नाही... आणि हा म्हणतो, कोण टेना.

"माझी बहीण," तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "तू मारलीस ती."

मिंगोने मुठीतल्या फडक्याकडे पाहिलं.

"मी किती जणांना मारलं, आई," तो म्हणाला. "रोज कुणीतरी असायचंच. नाही मारलं तर माझी पाठ. तोंडं नाही राहिली गं डोक्यात. पाठी तेवढ्या राहिल्या." मग तो जरा पुढे सरकला. "तू सांग. तुला ठाऊक आहे ना सगळं? तू सांग, तसं मी देवापुढे म्हणतो. एक अक्षर चुकायचा नाही."

आणि तिने सांगितलं. दुसरं काय करणार होती? ताप सांगितला, कोठार सांगितलं. मिंगो डोळे मिटून, हात जोडून, तिच्या मागोमाग म्हणत गेला, शाळेत पहिल्यांदा बसलेल्या पोरासारखा जपून. "टेनाच्या अंगात ताप होता. मी तिला कोठारातून ओढलं. मी तिला झाडाशी नेलं, देवा."

"दोराने तिची मनगटं बांधलीस," बायना म्हणाली.

"दोराने मी तिची मनगटं बांधली, देवा," मिंगो म्हणाला. "बांधलीच असतील. मला क्षमा कर. मी तिला दोराने बां—"

"थांब."

मिंगोने डोळे उघडले.

रविवारी हा माणूस हे घेऊन पाण्यात उतरणार होता. त्याने न केलेलं हे एक, त्याच्या हजार केलेल्यांत मिसळून, तिच्या सांगण्यावरून, तिचा हात धरून. आणि ओहोटीचं पाणी ते त्याच्या नावाने घेऊन जाणार होतं, देवाच्या डोळ्यांदेखत.

"दोर नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता?" मिंगोला प्रश्न पडला. "मग कशाने बांधली मी?"

दोर त्या दिवशी दुसऱ्या शेतावर राहिला होता. कुणाला तरी आणायला धाडलंही होतं, पण मिंगोला घाई होती, मालक घोड्यावरून बघत होता, आणि मिंगोने खुरपणाऱ्या बायकांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, 'ही बहीण ना हिची? ए पोरी, इकडे ये. धर हिला. हलली तर पुढची तू.' आणि मी गेले. झाडाच्या त्या बाजूला उभी राहिले आणि टेनाची मनगटं धरली... तापाने चटका बसत होता हाताला. मध्ये झाड होतं, तिचं तोंड मला दिसत नव्हतं, तिला माझं दिसत नव्हतं. तिने दोनदा हात ओढले. दोन्ही वेळा मी आणखी आवळून धरले. पुढच्या वर्षी मी शोधाला बसले, म्हाताऱ्या हेगारआईला सगळं सांगितलं—दोराने बांधली म्हणून सांगितलं—आणि तिने मला पाण्यात नेलं, आणि मी भिजून वर आले. नुसती भिजूनच वर आले.

आता हेगारआई नव्हती. मालक पळाला तो परत आला नव्हता. त्या रांगेतल्या बायका एकेक करून गेल्या होत्या. ते झाड, ते हात, 'धर हिला' हे शब्द, हे पाहिलेला आणि ऐकलेला जिवंत माणूस आता एकच होता, आणि तो समोर पायरीवर बसला होता. तो एकटाच सांगू शकत होता की हो, मीच हुकूम केला, तुला दुसरी वाट नव्हती. की होती.

"तू मला हाक मारलीस," बायना म्हणाली. "दोर नव्हता म्हणून मला बोलावलंस. आठव."

मिंगोने कपाळाला आठ्या घातल्या. तो खरोखर प्रयत्न करत होता, तिला दिसत होतं.

"नाही आठवत, आई."

"आठव ना. काय म्हणालास मला? मी लगेच आले का? थांबले होते का थोडी? तेवढं तरी—"

"तू म्हणशील तसं असेल," मिंगो समजुतीने म्हणाला. "तू सांग, मी म्हणतो."

खाडीचं पाणी आता भरत येत होतं. बायना स्टुलावरून खाली उतरून त्याच्या समोर, त्याच्या खालच्या पायरीवर कधी बसली ते तिला कळलं नाही. एकवीस वर्षं ती एका दिवसाची वाट पाहत होती—हा माणूस दारात येईल, तिच्याकडे काहीतरी मागेल, आणि ती देणार नाही. तो आला होता. आणि त्याच्यासमोर हात पसरून ती बसली होती, आणि त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं.