एक सोडून

झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून न्हुंग गणितं सोडवायला बसे. पाय हलता राहिला की झोळीतला तान्हा तेप झोपलेला राही, आणि तेप झोपलाय तोवरच गणित. त्यामुळे हाताला घाई लागली ती लागलीच. अपूर्णांकांचं समीकरण दिसलं की दोन्ही बाजूंना छेदाने गुणायचं, छेद उडवायचा, क्षची किंमत काढायची आणि खाली रेघ ओढायची.

"पुन्हा तेच!" लोआनबाई वही परत देताना म्हणायच्या. "छेदात क्ष बसलाय, दिसत नाही? कोणत्या किमतीला छेद शून्य होतो ते आधी वर लिही. ती किंमत क्षला बंद. मग काय गुणायचं ते गुण."

"लिहिते, बाई."

"लिहितेस कुठे? कडी न लावता निजायला जातेस तू."

लोआनबाई उत्तरेकडच्या. मेकाँगमधल्या या बेटावर मोठ्यांच्या वर्गाला शिकवायला आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी न्हुंगला विचारलं होतं, "तुला सगळे दुसरी का म्हणतात गं? पहिली बायको कुठे आहे?" वर्ग हसून लोळला. इथे थोरल्या मुलाला दुसरा म्हणतात आणि त्याच्या बायकोला दुसरी, हे बाईंच्या गावीही नव्हतं.

"मग पहिला कोण?"

"कोणीच नाही, बाई!"

न्हुंगची शाळा नववीत सुटली होती, वडिलांच्या आजारपणात. आता परीक्षा पास झाली तर थेट दहावीला बसता येणार होतं, आणि पुढे परिचारिकेच्या शिक्षणाला. नापास झाली तर पुन्हा नववी. नवरा दूर शहरात बुटांच्या कारखान्यात. सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "तेत झाला की मी धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला जाणार. मग तुझं पोर तू बघ आणि तुझं गणितही तूच बघ." तेत म्हणजे नवं वर्ष, ते आलंच होतं. तेपला सांभाळणारं कोणी उरणार नव्हतं; दहावीच ओढणं कठीण, त्यात पुन्हा नववीचं वर्ष घालणं शक्यच नव्हतं.

बोलायला सासूबाई तिखट, पण तेपला घेऊन बसल्या की पाघळायच्या. त्याच्या पायाची बोटं धरून घरची माणसं मोजायच्या. अंगठा मुठीत झाकून पुढच्या बोटापासून सुरुवात : "हा दुसरा, तुझा बाबा. ही तिसरी आत्या. हा चौथा काका..."

"अंगठ्याला का वगळता, आई?"

"तो एकाचा. वाईट नजर आधी पहिल्यालाच शोधते. म्हणून ती जागा मोकळी ठेवायची. हाक मारू दे तिला, ओ द्यायला कोणी नाही."

परीक्षेच्या दिवशी सासूबाई तेपला घेऊन होडीतून सोबत आल्या आणि शाळेच्या खिडकीखाली बदामाच्या सावलीत बसल्या. भूमितीचं गणित न्हुंगला आलंच नाही, ते कोरं राहिलं. आता समीकरण चुकून चालणार नव्हतं. क्ष भागिले क्ष वजा एक, अधिक दोन, बरोबर एक भागिले क्ष वजा एक. सोपं होतं. तिने छेद उडवले. तीन क्ष बरोबर तीन. क्ष बरोबर एक. खाली रेघ.

तेवढ्यात बाहेर तेपने टाहो फोडला. ती भुकेची रड होती. न्हुंगच्या छातीत दूध दाटून आलं, पोलक्यावर ओल उतरली. पेपर देऊन टाकावा म्हणून ती अर्धी उठलीसुद्धा.

"रडू नको रे माझ्या राजा," खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. "हा दुसरा, तुझा बाबा. ही तिसरी आत्या... अंगठा नाही, सोड तो, तिथे कोणी नाही!"

न्हुंग खाली बसली. तिने आपल्या उत्तरातला एक उचलला आणि समीकरणात ठेवून पाहिला. एक वजा एक. छेद शून्य. ज्या जागी कोणी नाही तिथेच तिने क्षला नेऊन बसवलं होतं.

पण मग उत्तर काय? परीक्षेतल्या प्रश्नाला उत्तरच नाही असं कधी असतं का? तेप रडतच होता. तिने ओळी पुन्हा तपासल्या. चूक कुठेच नव्हती. तिने वर लिहिलं, क्षची किंमत एक सोडून कुठलीही. खालचं उत्तर खोडलं आणि लिहिलं, या समीकरणाला उकल नाही.

बदामाखाली तिने पोराला पाजायला घेतलं. वर्गातल्या बाया बाहेर येत होत्या. "एकच आलं ना गं?" "हो बाई, एकच!"

"तुझं काय आलं?" सासूबाईंनी विचारलं.

"काहीच नाही आलं."

"म्हणजे होडीचं भाडं वाया!"

एवढ्या जणींचं एक आलं म्हणजे आपलंच चुकलं असेल, असं वाटून न्हुंगने दोन दिवस वहीला हात लावला नाही.

निकाल सांगायला लोआनबाई स्वतः घरी आल्या. झोळी हलत होती म्हणून दारातूनच हळू आवाजात बोलल्या, "दहावीची पुस्तकं आणून ठेव."

बाई गेल्यावर सासूबाई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. मग म्हणाल्या, "काहीच आलं नाही म्हणालीस, आणि पास?"

"तेच उत्तर होतं, आई."

"काय शाळा आहे!" सूप बाजूला ठेवून त्या उठल्या आणि झोळीची दोरी न्हुंगच्या अंगठ्यातून सोडवून आपल्या हातात घेतली. "धाकटीकडे बारशापुरती जाऊन येते. तिची सासू आहे की धडधाकट. तू बस लिहायला."