अजून एक बाकी होता

बेसबॉलच्या सामन्याच्या शेवटच्या डावात वर्लिनच्या हाती चेंडू आला, तेव्हा पहिल्या रांगेतली विल्मा आजी ओरडलीच, "मेल्या, आज तरी घालवू नकोस!"

ओरडणारच. आठवडाभर वर्लिनसारख्या राखीव पिचरांनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, हातात आलेले सामने घालवले होते, आणि फलंदाजांचं तर विचारूच नका. आज त्यांनी कशाबशा दोन धावा काढल्या होत्या. आघाडी फक्त एका धावेची.

समोरच्यांचा एक गडी बाद झाला होता, पण दोघे दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर धाव पुरी करायला टपून उभे होते. वर्लिनच्या डोक्यात एकच होतं, एकदाचं संपू दे. त्याने टाकलेला चेंडू बॅटला लागून उंच उडाला आणि त्याने स्वतःच झेलला. जिंकलो! डोळे भरून आले त्याचे. त्याने चेंडू थेट विल्मा आजीच्या ओंजळीत फेकला.

"अरे गाढवा, दोनच बाद झालेत, तिसरा बाकी आहे!" त्याच्याच संघाचा कॅचर रूबेन किंचाळला.

चेंडू प्रेक्षकांत फेकला की धावणाऱ्यांना दोन बेस फुकट. ते दोघे अगदी रमतगमत होमला पोचले, दोन धावा झाल्या. आघाडी गेली.

वर्लिनला मान वर करवेना. या गावात पाहुण्या संघाने प्रेक्षकांत मारलेला चेंडू कुणी घरी नेत नाही, परत मैदानात भिरकावतात. आपल्या माणसाचा चेंडू मात्र पोरं उशाशी घेऊन झोपतात.

त्याच्या बुटाला काहीतरी लागलं. विल्मा आजीने चेंडू परत फेकला होता.