बेचाळीस ते छत्तीस

थर्मामीटर टबात सोडून कुसाका मास्तर स्टुलावर बसले आणि दर दहा मिनिटांनी आकडा वहीत टिपू लागले. न्हाणीघराची खिडकी त्या दिवशीइतकीच, चार बोटं उघडी होती. पाणी बेचाळीस अंशांवरून निघालं होतं. ते छत्तीसवर येईपर्यंत मास्तर जेवायलाही उठणार नव्हते.

त्यांची बायको मिसाओ याच टबात गेली, त्याला सत्तेचाळीस दिवस झाले होते. हृदय, असं डॉक्टर म्हणाले आणि वेळेच्या रकान्यात त्यांनी ‘चार ते सात’ लिहिलं. मास्तरांनी चाळीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलेलं. असल्या उत्तराला त्यांनी अर्धा गुणही दिला नसता.

त्या दिवशी ते पटावर गोचा डाव खेळून साडेपाचला घरी आले. न्हाणीघरात दिवा दिसला. ‘आलो गं’ म्हणून ते टीव्हीसमोर बसले. सुमोच्या शेवटच्या कुस्त्या रंगात आल्या होत्या. आतून उत्तर आलं होतं की नव्हतं, हे काही केल्या त्यांना आठवत नव्हतं. सात वीसला भूक लागली तेव्हा त्यांनी दार सरकवलं. टबातला थर्मामीटर छत्तीस दाखवत होता. सवय वाईट, त्यांनी आधी आकडा वाचला आणि मग हंबरडा फोडला.

आता त्यांनी न्हाणीघराचं तापमान वजा करून सगळे आकडे जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये भरले. पाणी निवण्याचा वक्र असा सुरेख बसला की वर्गात असते तर त्यांनी फळ्यावर काढून दाखवला असता. बेचाळीसवरून छत्तीसला पंचाहत्तर मिनिटं. बंब बेचाळीसला बंद होई आणि गोच्या दिवशी मिसाओ मास्तरांसाठी न थांबता त्याच क्षणी पाण्यात उतरे. म्हणजे ती उतरली सहा पाचला. साडेपाचचा दिवा नुसता पाणी भरण्याचा होता. ती गेली तेव्हा तिचा नवरा भिंतीपलीकडे पाय पसरून बातम्या ऐकत होता.

एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीसाठी मिसाओची थोरली बहीण फुजिए दोन दिवस आधीच आली होती. ती दारात येऊन उभी राहिली. आपली बहीण गेली आणि हा माणूस पाण्याचा ताप बघत बसलाय, असं तिनं ऐकवलं. मग मास्तरांचा चेहरा पाहून वही मागितली. मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं, पार सहा पाचपर्यंत.

फुजिएनं वही बराच वेळ धरली. ती उलटी होती.

“आणि झाकण कुठाय?” तिनं विचारलं.

“कसलं झाकण?”

“टबाचं, मास्तर. आमच्याकडे सहा भावंडं, पाणी एकच. जो आत बसेल त्यानं झाकण गळ्यापर्यंत ओढून घ्यायचं, मागच्याला गार मिळू नये म्हणून. मिसाओ तशीच बसायची. तुम्हाला कसं ठाऊक असणार? एरवी तुम्ही पहिले, आणि गोच्या दिवशी घराबाहेर.”

मास्तरांनी आठवून पाहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी झाकण बाजूला केलं होतं का? आकडा आठवत होता, झाकण आठवेना.

दुपारी त्यांनी टब पुन्हा भरला, झाकण ओढलं. या वेळी दीडशे मिनिटं लागली. चार पन्नास. तेव्हा ते गोच्या पटावर होते, तीन मैलांवर. त्यांनी वही मिटली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच भात मागून घेतला. “बघा,” फुजिए म्हणाली, “शिकलेल्या माणसाला कुणीतरी सांगावं लागतं.”

संध्याकाळी पाहुणी म्हणून पहिली आंघोळ तिची. अर्ध्या तासानं ती लालबुंद होऊन बाहेर आली आणि मास्तर पंचा घेऊन आत गेले.

आरशावर, फरश्यांवर, छतावर वाफेचे थेंब लोंबत होते. टब उघडा होता. झाकण पार बाहेर, कपडे काढायच्या खोलीत, भिंतीला टेकून होतं. दुपारी मास्तरांनी ते पुसून तिथंच उभं केलं होतं. त्यांनी त्याच्यावर तळवा फिरवला. कोरडं ठणठणीत.

सहा भावंडांच्या घरातली, साठ वर्षांची सवय म्हणे.

बाहेरून फुजिएचा आवाज आला.

“पाणी ठीक आहे ना, मास्तर?”

मास्तर आत उतरले. पाणी खांद्याशी कोमटच लागलं.

“हो, ताई,” ते म्हणाले. “अगदी कढत.”