उजवीकडची नदी

"वेझरच्या त्या काठानं कोण जातं रे?" उल्फ नकाशावर वाकून म्हणाला. "सगळं जग पलीकडनं जातं. तिकडं जंगल आहे, शांतता आहे, झाडाखाली बियर मिळते. आणि तू बायकोला ट्रकच्या रस्त्यानं नेणार? हनिमूनला काय मालधक्क्यावर नेलं होतंस हिला?"

"बोडेनझे सरोवराला नेलं होतं," ब्रेडला लोणी लावता लावता हाइड्रुन म्हणाली, "आणि तिथं तीन दिवस मला घाटात गाडी मागं कशी घ्यायची ते शिकवलं."

फोल्कमार टेग्टमायर दोघांबरोबर हसला. शेजारच्या उल्फने आपल्या सायकलच्या जुन्या पिशव्या द्यायच्या निमित्ताने येऊन व्हिनेगरमधल्या काकड्यांची बरणी निम्मी केली होती, आणि एवढ्यात उठायचं त्याचं लक्षण दिसत नव्हतं.

"चढ नाहीत त्या बाजूला," फोल्कमार म्हणाला. "सायकलची वाट वेगळी आहे. ट्रक डावीकडून जातील, आपण नदीला धरून. म्युंडनपासून थेट समुद्रापर्यंत."

"आणि हामेल्न?" हाइड्रुनने विचारलं. "गाव पलीकडं, आणि तू खोली अलीकडं घेतलीस. मला त्या गल्ल्यांत राहायचं होतं."

"पूल आहे की. चालत जाऊ."

"सुट्टीवर निघालाय की परीक्षेला?" उल्फ म्हणाला.

फोल्कमार नकाशाची घडी घालू लागला. वेझर नदी सगळा प्रवास आपल्या उजव्या हाताला राहील, एवढी एकच गोष्ट त्याने नकाशावर पाहिली होती. नदीतून गाडी येत नाही. नदीतून लहान मूल चेंडूमागे धावत येत नाही.

हिवाळ्यात त्याला मेंदूचा छोटा झटका आला होता. हात-पाय शाबूत होते, बोलणं शाबूत होतं. हाइड्रुनला तेवढं दिसलं. दोन्ही डोळ्यांसमोरचा उजवीकडचा भाग गेला होता, ते बाहेरून दिसण्यासारखं नव्हतं. तिथे अंधार नव्हता, तिथे काहीच नव्हतं. वर्तमानपत्र वाचताना ओळीचा शेवट सापडत नसे. 'आता गाडी चालवायची नाही,' असं डॉक्टरांनी खोलीचं दार लावून सांगितलं, आणि बाहेर येऊन त्याने बायकोला 'सगळं ठीक' म्हणून सांगितलं. त्यानंतर आपलं ड्रायव्हिंग स्कूल त्याने भागीदाराच्या हवाली केलं. कंटाळा आला म्हणाला. हाइड्रुनला आनंद झाला. निवृत्तीनंतर सायकलने समुद्रापर्यंत जायचं, हे तिचं फार जुनं मागणं होतं. तिला नाही म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं. आणि कारण कळलं की ती रस्ता ओलांडताना आपला हात धरेल, हे त्याला माहीत होतं.

शनिवारी सकाळी भरलेल्या पिशव्या लावून ते सरावाला निघाले. तीही वाट त्यानेच ठरवली होती: कासेलहून फुल्डा नदीच्या डाव्या काठाने म्युंडनपर्यंत, आणि परत ट्रेनने. येतानाही सायकलनेच येऊ, असं हाइड्रुन म्हणाली तेव्हा त्याने गुडघ्याचं कारण पुढे केलं; येताना नदी डावीकडे गेली असती.

नदी अजून आली नव्हती, तोच तिने डावीकडे वळून हाक मारली, "बेकरीतनं ताजे पाव घेऊ. ये!"

"पुढं मिळतील की!"

"पुढचे रबरासारखे असतात!"

ती वसाहतीत शिरलीसुद्धा. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, कोपऱ्याकोपऱ्यावर उंच कुंपणं. कुठेही पाटी नाही, सिग्नल नाही. अशा चौकांसाठी या देशात एकच नियम आहे: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. फोल्कमारने हा नियम इतक्या पोरांना शिकवला होता की, तो झोपेतही पुटपुटतो असं हाइड्रुन म्हणायची.

पहिल्या चौकात त्याने सायकल थांबवून मान पूर्ण वळवली. दुसऱ्या चौकातही. तोवर ती बरीच पुढे गेली. तिसऱ्या चौकात ती मागे पाहून हसली आणि उजवीकडे नजर टाकून पार झाली. ती गेली म्हणजे मोकळं असणार, असं समजून तो तिच्यामागे निघाला.

ब्रेक किंचाळले. छोट्या पांढऱ्या गाडीचा पुढचा भाग त्याच्या पिशवीला घासून थांबला. सायकल डावीकडे कलंडली, तिच्याबरोबर तोही पडला. हाताला खरचटलं, एवढंच.

गाडीतून नर्सच्या कपड्यातली तरुणी धावत आली. "लागलं का? बघू, हात बघू... अय्या, टेग्टमायर सर?"

तिचा चेहरा समोर आल्यावर त्याने ओळखलं. नेस्लिहान. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली तेव्हा गाडीतच हमसून रडली होती.

"सर, माझंच चुकलं," ती म्हणाली. "पेशंटकडं जायची घाई होती. मी नीट बघायला हवं होतं. तुम्ही एवढं शिकवलंत, आणि मी तुमच्याच अंगावर—"

हाइड्रुन सायकल टाकून परत आली होती. "अगं पोरी, वेग तरी किती होता तुझा?"

"वीसच्या आत होता, पण..." नेस्लिहानच्या डोळ्यांत पाणी आलं.

गप्प बसलं तर भागणार होतं. ती माफी मागून निघून गेली असती, आणि दहा मिनिटांत नदी आली असती.

तो उठला. "नेस्लिहान, तू कुठून आलीस?"

"तिकडनं."

"तिकडनं म्हणजे?"

"उजवीकडनं."

"मग आधी कोण जाणार?"

तिने एकदा त्याच्याकडे, एकदा हाइड्रुनकडे पाहिलं. "मी."

"तूच. तुझं काही चुकलेलं नाही, ब्रेकही वेळेवर लावलास. मला उजवीकडचं दिसत नाही. हिवाळ्यापासून." आणि हाइड्रुनकडे न बघता तो म्हणाला, "दोन्ही डोळ्यांनी."

गाडी गेल्यावर हाइड्रुनने दोन्ही सायकली कडेला घेतल्या. बराच वेळ ती त्याच्या पिशवीवरचा चिखल पुसत राहिली.

"म्हणजे ट्रकचा रस्ता त्यासाठी," ती म्हणाली. "नदी सारखी उजवीकडं."

"हो."

"समुद्रापर्यंत गावंच गावं आहेत, फोल्कमार. तिथं काय करणार होतास?"

तो हातावरच्या खरचटलेल्या जागेची माती झाडू लागला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गाडी नाही म्हणाले. सायकलचं मी विचारलं नाही."

"उत्तर माहीत होतं म्हणून."

"हो."

तिचा चेहरा लाल झाला होता. रडेल असं त्याला वाटलं, पण ती म्हणाली, "इतके महिने माझ्या शेजारी बसून जेवलास. मला मूर्ख बनवलंस."

"हो," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

पाव घ्यायचे राहिले. सायकली हाताने ढकलत ते घराच्या वाटेला लागले. ती पुढे, तो मागे. वाटेतल्या चौकात ती थांबली. तो जवळ येईपर्यंत उभी राहिली, मग आपली सायकल घेऊन त्याच्या उजव्या बाजूला गेली. तिथे गेल्याबरोबर ती त्याला दिसेनाशी झाली. फक्त चाकाची टिकटिक ऐकू येत होती.

"मोकळं आहे," त्या बाजूने तिचा आवाज आला.

तो उभाच राहिला.

"मोकळं आहे म्हणतेय ना."

त्याने मान वळवून पाहायचं मोठ्या कष्टाने टाळलं, आणि सायकल पुढे ढकलली.