एकेचाळीस बाटल्या

राजुऱ्यात कुणाला 'बी-निगेटिव्ह' गटाचं रक्त लागलं की माझा फोन वाजायचा. खाणीत नोकरी होती त्या तीस वर्षांत मी एकेचाळीस बाटल्या दिल्या. माझ्या मोबाईलमध्ये माणसं आडनावानं नाहीत, दुखण्यानं आहेत: 'लच्छू हर्निया', 'देवाजी अपघात', 'हेमराज माय'. माझी बायको कमळा म्हणायची, "गुणवंतराव, तुमचं रगत म्हंजे नगरपरिषदेचा नळ. कोनीबी या, भरून न्या." आणि रक्त देऊन आलो की गूळ-शेंगदाणे तीच पुढे ठेवायची.

ती गेल्यावर दोन वर्षं मी दवाखान्याची पायरी चढलो नाही. आंघोळ केली की अंगाला खाज सुटे, डोकं जड होई, तोंड टमाट्यासारखं लाल. लोक म्हणत, एकटा राहतो आणि मस्त खातो. शेवटी चंद्रपूरला तपासलं. हिमोग्लोबिन साडेएकोणीस. आमच्याकडे आठ-नऊवाल्यांची रांग असते. मला वाटलं, पेढे वाटावेत.

डॉक्टर हसले नाहीत. हाडांच्या आतली मज्जा नको तेवढं रक्त बनवते, म्हणाले. रक्त घट्ट होतं, गाठ होऊन मेंदूत अडकू शकते. हा रक्ताचा कॅन्सरच, पण सावकाश चालणारा. इतकी वर्षं देत राहिलात म्हणून दबून राहिला असावा. आता महिन्या-महिन्याला एक पिशवी काढायची आणि फेकायची. ज्यांना आधी दिलं त्यांचं काय, हे मी पहिलं विचारलं. "त्यांना काही होत नाही. हा दुसऱ्याला लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

मला पटलं. पण राजुऱ्याला कोण पटवणार? कॅन्सर म्हटलं की एकेचाळीस घरांची झोप उडाली असती. म्हणून तोंड शिवून घेतलं.

पुढे हेमराजच्या बायकोला, रंजीताला, बाळंतपणात रक्त लागलं. त्याच्या मायला मी मागे रक्त दिलं होतं; तो माझ्या दारात हात जोडून उभा राहिला.

"भाऊ, तुमच्यावरच भरोसा हाय."

"मी आता देत नाई."

"काऊन?"

"देत नाई म्हंजे देत नाई."

रक्त नागपूरहून आलं, रंजीता वाचली. माझा फोन मात्र मुका झाला. चहाच्या टपरीवर मी बसलो की बाकडं रिकामं होई. मी तिरसट माणूस, तरी ते फार लागलं.

परवा रक्त काढायला गेलो तर चंदा सिस्टरनं अडवलं. मागच्या खेपेला मी चक्कर येऊन पडलो होतो. "सोबत कोणी असल्याशिवाय सुई लावणार नाही," ती म्हणाली. आधीच तीन आठवडे उशीर झाला होता, डोकं फुटत होतं. मोबाईल वरपासून खालपर्यंत चाळला. शेवटी 'हेमराज माय' दाबलं. हेमराज चंद्रपुरातच गाडी चालवतो.

"कोनाले रगत पाहिजे?" तो तुटक बोलला.

"कोनाले नाई. माझं काढून फेकाचं हाय. सोबतीले ये."

तो आला. भरलेली पिशवी पिवळ्या डब्यात पडताना त्यानं पाहिली. मग मी सगळं सांगितलं. लागत नाही, हे दोनदा सांगितलं.

"मंग मायले?" एवढंच बोलून तो बाहेर गेला. खिडकीतून त्याचा फोनवरचा आवाज आला, "माय, आंघोळीनंतर खाज सुटते का वं तुले?"

तो परत आला नाही. सोबतचे कुठे गेले, असं सिस्टरनं विचारलं. बाहेर आहेत, म्हणालो. अर्धा तास पडून राहिलो आणि एसटीनं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन वाजू लागला. लच्छू, देवाजी, कधीची विसरलेली माणसं. सगळ्यांचा एकच प्रश्न: आमाले काई होईन का? सगळ्यांना नाही म्हणालो. तुमचं कसं आहे, हे एकानंही विचारलं नाही. राग आला, रडूही आलं. फोन बंदच करणार होतो.

तेवढ्यात 'हेमराज माय' उजळलं. या वेळी खरंच मायच होती, पंचाहत्तरीच्या अन्नपूर्णाबाई.

"गुनवंता, मले काई नाई झालं, मी पोराले चांगलं झापलं. तू जेवला का?"

दिवस कलला होता. मी चहासुद्धा ठेवला नव्हता.

"नाई," मी म्हणालो.